एकाच सुरातला पास

मला सगळ्यांचे आवाज काढता येतात. मुख्याध्यापकांचा वर्गात शिरण्याआधीचा खोकला, जो खोकला नसून इशारा असतो. समोरच्या धोब्याचं "उद्या नक्की". आईचा फोनवरचा आवाज, जो बँकेतल्या माणसाशी मध असतो आणि मावशीशी मिरची. घरात मला मैना म्हणतात ते उगाच नाही. एका माणसाचा आवाज मात्र दोन वर्षं घसा झिजवूनही जमलेला नाही. तो माणूस म्हणजे बाबांची थोरली बहीण, माझी आत्या.

तिच्या आवाजात खास असं काही नाही, हीच तर अडचण. नकलेची टोपी अडकवायला कुठेतरी खुंटी लागते. कुणी "स" जरा चावतं, कुणी वाक्य संपताना जिना उतरल्यासारखं उतरतं. आत्या ब्रिजच्या टेबलावर बसली की तिच्या आवाजाची भिंत अशी गुळगुळीत होते की खुंटी कुठे ठोकावी तेच कळत नाही.

ब्रिज हा पत्त्यांचा खेळ. चौघं बसतात, समोरासमोरचे दोघं भिडू. प्रत्येकाला तेरा पानं. खेळण्याआधी बोली लागते: आमची जोडी अमुक हुकूम ठेवून इतके हात करेल, हिंमत असेल तर वर चढा. पण भिडूशी बोलायची भाषाही तीच. एकपासून सातपर्यंत आकडे (म्हणजे सहाच्या वर आणखी किती हात), इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, बिनहुकूम, शिवाय पास, डबल, रिडबल. एवढ्याच शब्दांत आपल्या तेरा पानांची हकिगत समोर पोचवायची. भुवई उडवायची नाही, सुस्कारा टाकायचा नाही, टेबलाखालून पाय तर नाहीच नाही. मोठ्या स्पर्धांत म्हणे तोंडानंही बोलत नाहीत, छापील चिठ्ठ्या ठेवतात. आमच्या वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी तीन वाजता चार टेबलं लागतात, तिथे मात्र सगळा कारभार तोंडी. आणि तोंड आलं की सूर आलाच.

उदाहरणार्थ माझे बाबा. बाबा माझे भिडू, आणि त्यांचा पास चार प्रकारचा. पहिला "पास": हातात काही नाही, चहा कधी येतोय? दुसरा "प्पास": हातात बरंच आहे, पण बोलायची सोय नाही. तिसरा "पाऽऽस": कार्टे, काय हे बोललीस! आणि चौथा, शेवट वर गेलेला, "पास?": पुढे जा बाळा, मी आहे. हे चारही मी काढून दाखवते तेव्हा आई हसून हसून ओट्याला धरते. आत्या हसली नव्हती. तिनं भर टेबलावर बाबांना सांगितलं होतं, "बाळ्या, पास एकच असतो. तू चार विकतोयस."

"अगं ताई, सवय आहे ती."

"सवय असू दे. पोरीनं त्यावरून पत्ता टाकला की मी पंच बोलावणार." आणि खरंच बोलावला. पंच म्हणजे खालच्या ग्रंथपालबाई. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडून बाबांना, पंचेचाळीस वर्षांच्या घोड्याला, समज दिली.

आत्याचं चष्म्याचं दुकान आहे. पुढे काउंटर, आत डोळे तपासायची अरुंद खोली, मागे काचा घासायचं चाक, ज्यावर पाणी ठिबकत असतं. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती तपासणीची जड चौकट ठेवते, पेटीतून एकेक काच काढून त्यात सरकवते आणि विचारते, "पहिली, की दुसरी?" पुन्हा काच बदलते. "पहिली, की दुसरी?" हे दिवसातून तीनशे वेळा. गिऱ्हाइकं काकुळतीला येतात: "बाई, तुम्हीच सांगा ना!" ती म्हणते, "डोळे तुमचे आहेत."

मी एकदा विचारलं होतं, "आत्या, तू असं स्टेशनवरच्या यंत्रासारखं का विचारतेस गं?"

"मी 'दुसरी' जरा गोड म्हटलं की माणूस दुसरी म्हणतो. भिडस्त असतात लोक. मग सहा महिने डोकं धरून बसतो." एवढं सांगून ती चाकाकडे वळली. सव्वीस वर्षं असं विचारत आलीय ती.

तिचे भिडूही तिला याच प्रश्नातून मिळाले. बस डेपोच्या कचेरीत चौतीस वर्षं वेळापत्रकं आखणारे एक गृहस्थ, ज्यांना सगळे टाइमटेबलकाका म्हणतात, एकोणीस वर्षांपूर्वी वाचायच्या चष्म्यासाठी दुकानात आले. "पहिली, की दुसरी" नऊ वेळा ऐकलं आणि चौकट नाकावर असतानाच म्हणाले, "बाई, गाडी वेळेवर असो की तीन तास उशिरा, घोषणा अशाच आवाजात व्हायला हवी. तुम्ही पत्ते खेळता का?"

ती खेळत नव्हती. त्यांनी शिकवलं. एकोणीस वर्षं झाली तरी दोघं एकमेकांना "तुम्ही" म्हणतात आणि हाक मारतात "भिडू".

काकांची एक वही आहे. तिच्यात दोघांचे एक्केचाळीस करार, पट्टीनं आखलेले, नंबर घातलेले, अपवाद हिरव्या शाईत. करार म्हणजे अमुक बोलीचा अमुक अर्थ, असं आधी ठरवून ठेवलेलं. उदाहरणार्थ करार नंबर नऊ: एकानं "एक बिनहुकूम" म्हटलं आणि दुसऱ्यानं "दोन चौकट", तर चौकटीचा काही संबंध नाही. हातात पाच बदाम आहेत असं समजायचं, आणि पहिल्यानं "दोन बदाम" म्हणायचं. म्हणजे बलवान हात झाकलेला राहतो आणि दुबळा टेबलावर उघडा पडतो. यात लबाडी काही नाही, कारण ब्रिजचा एक कडक कायदा आहे: करार गुप्त ठेवायचा नाही. समोरच्यांनी विचारलं की बोली लावणारा गप्प बसतो आणि त्याचा भिडू अर्थ सांगतो. अर्धा नाही, सगळा. पुस्तकातून कळलेलं, वहीतून कळलेलं आणि भिडूच्या सवयीतून कळलेलंसुद्धा.

त्या रविवारी आम्ही दोघं बापलेक त्या दोघांसमोर बसलो होतो. आत्या म्हणाली, "एक बिनहुकूम." बाबांनी पहिल्या प्रकारचा पास दिला. काका म्हणाले, "दोन चौकट." माझी पाळी आली.

मला अर्थ पाठ होता. तरी विचारलं. आत्याच्या त्या आवाजाचा नमुना मिळायला बोलीपेक्षा खुलासा बरा, लांब असतो. म्हणून संधी मिळेल तेव्हा मी विचारायची, आणि घरी जाऊन आरशासमोर घोटायची.

"आत्या, दोन चौकट म्हणजे काय?"

"पाच किंवा जास्त बदाम. चौकटीशी संबंध नाही."

इथे ती नेहमी थांबते. त्या दिवशी थांबली नाही.

"गेल्या महिन्यात ही बोली तीनदा आली. त्यातल्या दोनदा माझे भिडू करार विसरले होते. त्यांच्या हातात चौकटच होती."

सूर तोच. पहिली, की दुसरी. पण शेजारच्या टेबलावरचा पत्ते पिसायचा आवाज थांबला. कुणाच्या तरी कपात चमचा फिरत होता, तोही थांबला. काकांचे कान तांबडे झाले, आधी पाळ्या, मग वरपर्यंत.

"अगं ताई..." बाबा पुटपुटले.

"तिनं विचारलंय, बाळ्या."

मी "पास" म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा माझा स्वतःचा आवाज मला ओळखू आला नाही. मग आत्या म्हणाली, "दोन बदाम." सगळ्यांनी पास दिला. बदामाचं नाव आधी आत्यानं घेतलं म्हणून डाव आत्याचा, म्हणजे काकांनी पानं उघडी मांडायची. त्यांनी ती सावकाश मांडली. बदामाचा राजा. दहा. आठ. सात. तीन. पाच बदाम, एका रांगेत, पट्टीनं आखल्यासारखे.

ते विसरले नव्हते.

"आभारी, भिडू," आत्या म्हणाली. पानं मांडली की ती हे नेहमी म्हणते. समोर राजवाडा उघडो की उकिरडा, आभार तेच.

काकांनी शेवटपर्यंत नीट खेळून दिलं. मग वही बगलेत धरली, घड्याळ पाहिलं, "पाच वाजून बारा," म्हणाले, आणि जिना उतरून गेले. पुढच्या रविवारी त्यांची खुर्ची रिकामी. त्याच्या पुढच्या रविवारीही.

घरी बाबा आत्यावर भडकले, ती समोर नसताना. "माणूस एकोणीस वर्षं समोर बसतो आणि तू भर खोलीत त्याची लाज काढतेस? खरं बोलायचीसुद्धा एक वेळ असते!"

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ती वेळ तुमच्या लेकीनं ठरवली."

तिसऱ्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी दुकानात गेले. आत्या चाकावर काच घासत होती. मी येताना चार वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकच बाहेर पडलं. "आत्या, मी उगाच विचारलं. मला माहीत होतं."

"विचारायचा हक्क आहे तुझा. उगाच विचारलं असलं तरी उत्तर उगाच देता येत नाही." तिनं काच उजेडात धरली, कड बोटानं तपासली आणि पुन्हा चाकाला लावली. ती कड आधीच गुळगुळीत होती. मला दिसत होतं.

"ते येणारच नाहीत का गं आता?"

तिनं काचेची दुसरी कड चाकाला लावली. पाणी ठिबकत राहिलं.

तेवढ्यात दारावरची घंटी वाजली. काका. कोट, बगलेत वही, हातात चष्मा.

"काडीचा स्क्रू ढिला झालाय," ते म्हणाले. मला पाहिलं आणि मान हलवली. "ही इथंच आहे? बरं झालं."

आत्यानं बारीक पेचकस घेतला. नखाएवढा स्क्रू फिरवत असताना काका काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

"भिडू, एक विचारायचं होतं. मी विसरतो, हे तुम्ही या पोरीला सांगितलंत."

"सांगितलं."

"आणि लगेच दोन बदाम म्हणालात."

"हो."

"का? मी विसरलो असतो तर तोंडावर आपटला असतात. तीन आठवडे याच एका बोलीवर अडलोय मी. तीनातनं दोनदा विसरणारा माणूस समोर बसलाय, तुम्हाला ठाऊक आहे, आणि तुम्ही करारावर चालता?"

"ठाऊक होतं ते समोरच्यांना सांगायचं होतं," आत्या म्हणाली. "मला वापरायचं नव्हतं. तुम्ही चौकट म्हणालात म्हणजे माझ्या लेखी बदाम."

तिनं चष्मा पुसून त्यांच्यापुढे ठेवला. काकांनी तो डोळ्यांवर चढवला, उतरवला, पुन्हा चढवला. मग वही उघडून काउंटरवर फिरवली. पानंच्या पानं हिरव्या शाईनं खोडलेली, पण पट्टी लावून, एकही रेघ वाकडी नाही.

"एक्केचाळीसातले तीस काढले. डेपोत गाड्या कमी झाल्या की मी फेऱ्या रद्द करायचो. लोक शिव्या द्यायचे. पण न धावणारी गाडी वेळापत्रकात छापली तर माणसं थांब्यावर उभी राहतात हो."

"नऊ नंबर?"

"तो पहिला काढला."

आत्यानं खोडलेल्या नवव्या ओळीवर बोट ठेवलं. थोडा वेळ तसंच ठेवलं.

"अकरा पुरतील?"

"बाकी अंदाजानं."

"तुमचा अंदाज चांगला आहे."

काकांनी चष्म्यातून तिच्याकडे निरखून पाहिलं. ही स्तुती होती की चष्म्याचा नंबर, तेच त्यांना कळेना. मलाही कळलं नाही.

"उद्या हंगामाचा शेवटचा रविवार," ते म्हणाले. "खेळू. पण उद्या काही विसरलो, तर वही तुमच्याकडे आणि मी घरी. नंतर मला समजवायला यायचं नाही."

"बरं," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तीनला पाच कमी असताना काका माडीवर हजर होते. कुणीतरी फार मोठ्यानं "या या या!" म्हणालं. मी ते "या या या" ताबडतोब टिपून ठेवलं. मग खेळ सुरू झाला, आणि मी चांगलं खेळायचं सोडून त्या दोघांकडे बघतच राहिले. तीस करार काढल्यावर दोघांकडे उरलं काय? माझ्यासारखीला वाटणार, आंधळी कोशिंबीर. पण काका "तीन किलवर" म्हणायचे, आत्या तेरा पानं बघायची आणि "तीन बिनहुकूम" म्हणायची, आणि पानं उघडली की वाटायचं, हिला मघाशी त्यांच्या खिशात बसवून आणलं होतं की काय. जिथे पूर्वी वहीतला करार असायचा तिथे आता नुसता अंदाज होता: हे गृहस्थ इतकं बोलले आणि याहून जास्त बोलले नाहीत, त्या अर्थी हातात हे असणार. संध्याकाळ होत आली तेव्हा, दोन रविवार बुडूनही, हंगामाच्या गुणांत ते दोघं आणि आम्ही दोघं अशा दोनच जोड्या वर राहिल्या होत्या, आणि शेवटचा डाव आमच्यातच होता.

आत्या म्हणाली, "एक इस्पिक." बाबा: "दोन बदाम." काका: "दोन इस्पिक." मी: "तीन बदाम." आत्या: "तीन इस्पिक." बाबा फुगले आणि म्हणाले, "चार बदाम."

काकांची पाळी. ते थांबले.

आता त्यांचे थांबे मला पाठ होते. विसरले की ते छताकडे बघतात आणि हात निश्चल होतात. मोह झाला की पानांच्या कडा अंगठ्याच्या नखावर वाजवतात, टक, टक, टक. त्या वेळी टकटक चालली होती. चांगलं अर्धं मिनिट. मी तर पाहिल्यासारखं सांगितलं असतं: हातात माल आहे, चार इस्पिक म्हणायचंय, धीर होत नाही.

"पास," काका म्हणाले.

मी पास दिला. आत्याची पाळी. नंतर पानं पाहिली तेव्हा कळलं, तिच्याकडे सहा इस्पिक होते. जावं की न जावं, नाणं उडवण्यासारखी गोष्ट. आणि समोरच्या टकटकीनं ते नाणं तिच्यासाठी कधीच पालथं पाडून ठेवलं होतं. चार इस्पिक म्हटलं असतं तर हंगाम त्यांचा. तीन आठवडे तांबडे कान घेऊन फिरलेल्या माणसाचा.

तिनं आपली पानं एकदा डावीकडून उजवीकडे पाहिली.

"पास."

बाबांनी चार बदाम केले, बरोब्बर दहा हात. हंगाम आम्ही जिंकलो. बाबा नाचायला उठले आणि अर्ध्यातच बसले, कारण टेबलावर आता चौघांचीही पानं उघडी होती.

"ताई! चार इस्पिक होत होते तुमचे! डोळे मिटून होत होते! तुला कान आहेत की दुकानातल्या काचा? भिडू अर्धं मिनिट नखावर पानं वाजवतोय, तुला ऐकू नाही आलं?"

आत्यानं बाबांकडे पाहिलं. मग म्हणाली, "पास." मी दचकले. ते बाबा होते. चहा कधी येतोय! "प्पास." हातात बरंच आहे. "पाऽऽस." माझ्याकडे बघून, कार्टे! "पास?" भुवईसकट. मग ग्रंथपालबाईंचं घसा साफ करून पान उलटणं. मग माझं, "आत्या, दोन चौकट म्हणजे काय?", त्या "काय"मधल्या चोरट्या हसण्यासकट, जे मी आजवर कुणाला ऐकू येत नाही समजत होते. आणि शेवटी तिनं पानं उचलून अंगठ्याच्या नखावर वाजवली. टक, टक, टक. त्याच वेगानं, आणि पास म्हणण्याआधी काका जो बारीक श्वास घेतात तोही.

माडी हसून फुटायची वेळ आली. मला हसू येईना. मी आयुष्यभर ज्याची हौस मिरवली ते हिच्याकडे माझ्या दुप्पट होतं, सव्वीस वर्षं होतं, आणि पानं हातात घेतली की ती ते बाहेर चपलांपाशी काढून ठेवत होती.

काकाही हसत नव्हते. "म्हणजे कळलं होतं तुम्हाला."

"कळलं होतं."

"मग?"

"माझ्या तेरा पानांत नव्हतं ते."

टेबलावरचे स्वतःचे इस्पिक काकांनी एकाखाली एक नीट लावले. मग बगलेतली वही काढून तिच्यापुढे सरकवली.

"तिसऱ्या डावात सात नंबर आठवला नाही मला. बोली आली नाही म्हणून कुणाला कळलं नाही. पण काल अट ठरली होती आपली."

बाबा काहीतरी बोलणार होते. मी त्यांच्या पायावर पाय दिला. डाव संपला होता, टेबलाखालून आता चालतं.

आत्यानं वही उघडली. अकरा ओळी बोटानं खालपर्यंत पाहिल्या, पान उलटलं, पाठ पाहिली.

"अट यात लिहिलेली नाही."

"भिडू..."

"पट्टी द्या."

काकांनी कोटाच्या खिशातून पट्टी आणि हिरवं पेन काढलं. तिनं सात नंबर खोडला, अगदी सरळ. "दहा राहिले. पुढच्या हंगामात समोरच्यांना आपणच आधी सांगू, कुणी विचारायच्या आत."

"काय सांगणार?"

आत्या माझ्याकडे आणि बाबांकडे वळली, जणू पुढचा हंगाम सुरू झालाच होता. "आमचे दहा करार आहेत. माझे भिडू त्यातले कधी कधी विसरतात. बाकी अंदाज."

पहिली, की दुसरी. काका ते गिऱ्हाईक ऐकतं तसं ऐकत होते, मान किंचित पुढे काढून. त्यांच्या कानांकडे मी मुद्दाम पाहिलं. रंग नेहमीचाच होता.

"चालेल," ते म्हणाले. "पण दर वेळी तुम्हीच सांगायचं. याच आवाजात."

"तीन वाजता?"

"तीनला पाच कमी," काका म्हणाले, आणि वही पुन्हा आपल्या बगलेत धरली.